मिसिंग करणारी जुनी गाडी : आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

सकाळी गाडी सुरू होते, पण नेहमीची सलग घरघर कानावर येत नाही. मध्येच एक ठोका गळाल्यासारखा वाटतो. सिग्नलला उभे राहिले की स्टिअरिंग थरथरते, आतला आरसा हलतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी पळण्याऐवजी झटके देते आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात.

आपल्या समाजात बऱ्याच घरांत व्याजाचे कर्ज नको म्हणून रोखीने घेतलेली सेकंडहँड गाडी असते. दहा, पंधरा, कधी वीस वर्षे वापरलेली. अशा गाडीला आज ना उद्या मिसिंगचा आजार होतोच. मग गॅरेजमध्ये गेल्यावर काय घडते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. आधी प्लग बदलतात. फरक पडत नाही. मग कॉइल, मग इंजेक्टर, मग ‘सेन्सर असेल’. प्रत्येक अंदाजाचे बिल वेगळे. यात मिस्त्री लबाडच असतो असे मुळीच नाही. दारात दहा गाड्या उभ्या असताना एका गाडीवर तास-दीड तास तपासणीत घालवणे त्याला परवडत नाही, आणि तपासणीचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. पार्टचे पैसे मात्र मुकाट देतो. हा तास-दीड तास घरी आपण स्वतः दिला, तर बहुतेक वेळा दोष सापडतो. निदान कुठे नाही हे तरी नक्की होते.

इंजिनात काय बिघडते ते आधी समजून घेऊ. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलचे मिश्रण, ते दाबले जाणे आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यातले एकही कमी पडले की तो ठोका फुकट जातो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर एक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा पेटायला हवा. तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साडेबावीस ठोके होतात. एक सिलिंडर बंद पडला की त्यातले एक तृतीयांश गेले. १९८३ साली आलेली मारुती ८००, ओम्नी, जुनी आल्टो या सगळ्या ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या. म्हणून या गाड्या मिसिंग करू लागल्या की अंगात हिव भरल्यासारख्या हलतात. चार सिलिंडरच्या गाडीत हेच थोडे सौम्य जाणवते. त्यामुळे लोक महिनोन्‌महिने तसेच चालवतात आणि नुकसान वाढवतात.

नुकसान नुसत्या पेट्रोलचे नसते. न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. तो पार्ट महाग असतो. वाळलेल्या गवतावर अशी गाडी उभी केली तर खालून आग लागण्याचाही धोका असतो. ज्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा आहे, तिथे दिवा सतत पेटलेला राहिला तर लवकर तपासा एवढाच त्याचा अर्थ. पण दिवा लुकलुकू लागला तर मिसिंग जोरात आहे आणि कन्व्हर्टर तापतो आहे. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, कडेला थांबा. ईदला गावी पोहोचायचे आहे, मागे म्हातारी माणसे आणि मुले बसली आहेत, समोर कुंभार्लीसारखा घाट आहे, अशा वेळी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणणे शहाणपणाचे नाही. ट्रकला ओव्हरटेक करताना ऐन वेळी जोर गेला तर काय, याचा विचार करा.

आता तयारी. सामान फारसे लागत नाही: प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, सुती फडके, मार्कर आणि चिकटपट्टी. अंड्यांचा रिकामा ट्रे असेल तर फार बरे, का ते पुढे येईलच. गाडी उघड्या जागेत, सपाटीवर उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, चाकाला दगड. ओढणी, दुपट्टा, बुरख्याची किंवा कुर्त्याची सैल बाही आवरून घ्या. पट्टा आणि पंखा कापड ओढून घेतात, आणि रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो. प्लगच्या वायरीत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असू शकतो, तेव्हा चालू इंजिनात तिला हात लावायचा नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी जवळ उभेही राहू नये. मुलांना लांबून बघू द्या, त्यांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले काम हत्यारांचे नाही, कानाचे आहे. गाडी कधी मिस करते ते टिपून ठेवा. थंड असताना, की तापल्यावर? उभी असताना, की चढावर? पावसातच, की रोज? या उत्तरांतच अर्धे निदान असते. उभ्या गाडीत मिसिंग आणि रेस दिल्यावर ठीक, असे असेल तर कुठून तरी जादा हवा ओढली जात असण्याची शक्यता मोठी. जोर लावल्यावरच मिसिंग होत असेल तर ठिणगी कमजोर असते किंवा पेट्रोल पुरत नसते. सकाळी पहिली काही मिनिटे मिसिंग आणि नंतर सुरळीत, पण रेडिएटरमधले पाणी हळूहळू कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. आणि फक्त पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग होत असेल, तर दोष जवळजवळ नेहमी ठिणगीच्या वाटेवर असतो.

कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी या शेवटच्या मुद्द्याकडे नीट लक्ष द्यावे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एकच कॉइल असते आणि डिस्ट्रिब्युटर ती वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो. काही जुने मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. त्याच्या टोपीत दमट हवा शिरली की वीज भलत्याच वाटेने जाते. इंजिन बंद करून टोपी काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि टॉर्च धरून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ किंवा तडा दिसला तर टोपी बाद. आतल्या पितळी टोकांवर पांढरा-हिरवट थर असेल तर तोही ठिणगी खातो. टोपी काढताना वायरी उपसून टाकू नका. उपसाव्याच लागल्या तर प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर लिहा. तीन सिलिंडरच्या मारुतीत पेटण्याचा क्रम १-३-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली तर नसलेला आजार आपणच लावून घेऊ. पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे उंदीर. उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून पार्ट उघडण्याआधी सगळ्या वायरींवरून नजर आणि बोट फिरवा, अर्थात इंजिन बंद ठेवून.

यानंतर मुख्य प्रश्न : कोणता सिलिंडर? याचे उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाचाही पार्ट घेऊ नये असे आमचे मत आहे.

नंबर बहुतेक गाड्यांत पट्ट्याच्या बाजूने मोजतात. पट्ट्याकडचा एक, मग दोन, तीन, चार. इंजेक्शनच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला एक इंजेक्टर असतो आणि त्यावर प्लास्टिकचे छोटे कनेक्शन असते. गाडी स्लोवर चालू ठेवा आणि एका वेळी एकच कनेक्शन काढा. सिलिंडर चांगला असेल तर तो बंद पडताच इंजिन आणखी लंगडते, आवाज खाली बसतो. कनेक्शन परत लावा, इंजिन सावरू द्या, मग पुढचे. ज्याचे कनेक्शन काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच आधीपासून बंद आहे. वर्गात गटाने पाठांतर चालू असते तेव्हा कोणता मुलगा नुसते ओठ हलवतो हे शोधण्याचीही हीच रीत आहे. एकेकाला गप्प करायचे, आणि ज्याच्या गप्प होण्याने आवाजात फरक पडत नाही तो सापडला.

काही जण चालू इंजिनात थेट प्लगची वायर ओढून काढतात. तसे करू नका. झटका बसतो, मोकळी पडलेली वीज कॉइल किंवा कॉम्प्युटर बाद करू शकते, आणि न पेटलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. इंजेक्टरचे कनेक्शन काढले की पेट्रोलच बंद होते, म्हणून तीच रीत सुरक्षित. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र ही सोय नाही. तिथे इंजिन बंद करून वायर काढायची, तिच्या टोकाला एक जुना प्लग लावायचा, त्या प्लगचे लोखंड इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून बांधायचे आणि मगच काही सेकंदांपुरते इंजिन चालवून ऐकायचे. प्रत्येक सिलिंडरला हेच. वेळखाऊ आहे, पण सुरक्षित आहे.

गाडी नवीन असेल तर काम सोपे होते. आपल्या देशात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही व्यवस्था सक्तीची झाली. त्या गाड्यांच्या डॅशबोर्डखाली स्कॅनरचे सॉकेट असते. मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर चार घरांत मिळून एक घेतला तरी पुरतो. पी ०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस करतो, पी ०३०२ म्हणजे दोन नंबर, याप्रमाणे. पी ०३०० म्हणजे ठराविक सिलिंडर नाही, सगळीकडे विस्कळीत मिसिंग आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. पी ०३०२ चा अर्थ ‘दोन नंबरचा सिलिंडर पेटत नाही’ एवढाच आहे, ‘दोन नंबरची कॉइल बदला’ असा नाही. स्कॅनर आजारी मूल दाखवतो, आजार सांगत नाही.

सिलिंडर सापडला की इंजिन थंड होऊ द्या आणि प्लग काढा. आधी प्लगभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. काढलेले प्लग नंबरप्रमाणे अंड्यांच्या ट्रेमध्ये उभे ठेवा, म्हणजे कोण कुठला हे विसरत नाही. आता चारी प्लग शेजारी ठेवून पाहा. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचे असते. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे पेट्रोल येते पण पेटत नाही, इथे ठिणगीवर किंवा दाबावर संशय. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येते. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे सिलिंडर जास्त तापतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असावे. प्लगच्या खड्ड्यात तेल साचले असेल तर वरच्या झाकणाचे रबर गळते. ते तेल कॉइलचे रबर फुगवते आणि ठिणगी बाहेर निसटते. अशा वेळी नुसती कॉइल बदलली तर सहा महिन्यांत तीही जाते.

प्लगच्या टोकातले अंतर फीलर गेजने मोजा. बहुतेक जुन्या गाड्यांत ते ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. प्लग परत बसवताना आधी बोटांनीच फिरवा. आटे ॲल्युमिनियमचे असतात, आडवे गेले की हेडचेच काम निघते. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला बराच कमी. ‘अजून एक दम’ देण्याचा मोह आवरा.

आता येते अदलाबदल. सगळ्या लेखातले हे एकच लक्षात ठेवले तरी चालेल. समजा दोन नंबरचा सिलिंडर बंद आहे. दोनचा प्लग तीनला लावा, तीनचा दोनला. गाडी चालू करून पुन्हा तपासा. मिसिंग तीनवर गेले तर प्लग दोषी, विषय संपला. दोनवरच राहिले तर प्लग निर्दोष. मग कॉइलची अदलाबदल करा, किंवा वायरीची. वायरीच्या बाबतीत दोन्ही टोकांचे नंबर सांभाळा, फक्त वायर बदला, जागा नको. काही चार सिलिंडरच्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना मिळून ठिणगी देते, एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या असतात. दोन्ही सिलिंडर एकदम लंगडत असतील आणि ते एकाच जोडीतले असतील, तर कॉइलवरचा संशय पक्का होतो. शेजारच्याच सिलिंडरचा चांगला पार्ट आपला तपासनीस होतो आणि खर्च शून्य. अट एकच, एका वेळी एकच वस्तू हलवायची. प्लग, वायर आणि कॉइल तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही.

वायर मल्टिमीटरनेही तपासता येते. ती काढून दोन्ही टोकांना मीटर लावा. चांगली वायर साधारण काही हजार ओहम दाखवते, लांब वायर थोडी जास्त. एखादी इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त दाखवत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर ती आतून तुटली आहे. मात्र बाहेरच्या रबराचा तडा मीटरला दिसत नाही. त्यासाठी अंधार लागतो.

याचा अनुभव आम्ही आमच्या चुलतभावाच्या व्हॅनवर घेतला. ते शाळेच्या मुलांची ने-आण करतात. तीन सिलिंडरची जुनी व्हॅन, मागाहून बसवलेले सिक्वेन्शियल सीएनजी किट. पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर झटके. गॅरेजमध्ये सांगितले की किटचा रिड्यूसर गेला आहे आणि गॅसचे इंजेक्टरही बदलावे लागतील. अंदाज त्यांच्या महिनाभराच्या कमाईइतका, आणि गाडी तीन दिवस ठेवायची. “आपा, परीक्षा तोंडावर आल्यात,” ते म्हणाले. “तीन दिवस व्हॅन बंद राहिली तर पालक दुसरी बघतील. पेट्रोलवर चालवू तर हातात काही उरत नाही.”

आम्ही त्यांना म्हटले, “भाई, पेट्रोलवर ठीक चालते एवढ्यावर गॅस किटला दोष देता येणार नाही. आधी वायरी बघू.” कारण असे आहे की पेट्रोलच्या मानाने सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. प्लग झिजलेला असो, वायर तडकलेली असो, पेट्रोलवर ती कमजोरी झाकली जाते आणि गॅसवर उघडी पडते. सीएनजीच्या गाडीत ‘पेट्रोलवर बरी, गॅसवर वाईट’ असे दिसले की सर्वांत आधी प्लग, वायर आणि कॉइल तपासावी. महागड्या किटची पाळी नंतर.

इशाच्या नमाजनंतर व्हॅन अंगणात घेतली. गॅसच्या इंजेक्टरांची कनेक्शन एकेक करून काढली तर एक आणि तीनला इंजिन बसत होते, दोनला ढिम्म. मग अंगणातला दिवा बंद केला, बॉनेट उघडे ठेवले आणि हात मागे घेऊन नुसते बघत राहिलो. काही दिसेना. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारतो त्या बाटलीने लांबून वायरींवर अगदी हलका फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीच्या रबरी टोकाजवळ निळी रेघ चमकली, टिक टिक आवाज करत. वीज प्लगपर्यंत न पोहोचता शेजारच्या धातूत उडी मारत होती. इंजिन बंद केले, थंड होऊ दिले, खात्रीसाठी दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल केली. मिसिंग तीनवर गेले. दुसऱ्या दिवशी वायरींचा नवा संच आणि तीन प्लग आणले, जुमाच्या आत बसवून झाले. रिड्यूसरला कुणी हातही लावला नाही. व्हॅनचा एकही दिवस बुडाला नाही.

फवारा म्हणजे फवाराच, पाइपने पाणी मारायचे नाही, आणि चालू इंजिनाला त्या वेळी कुठेही स्पर्श करायचा नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंत प्लग पकडीत धरून ठिणगी ‘बघून’ दाखवतात, ते आम्ही सुचवणार नाही. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि शेजारीच ठिणगी पडत असते. अदलाबदलीने तेच उत्तर मिळत असताना हा धोका कशाला?

ठिणगी निर्दोष ठरली तर पेट्रोल आणि हवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर टेकवून मुठीला कान लावा, चालू इंजेक्टर घड्याळासारखा टिकटिकतो. एकच मुका असेल तर त्याचे कनेक्शन आणि वायर बघा. इंजिन बंद करून इंजेक्टरच्या दोन पिनांवर मीटर लावले तर बहुतेक गाड्यांत ११ ते १६ ओहमच्या आसपास आकडा येतो. इथेही शेजाऱ्यांशी तुलना महत्त्वाची. सगळेच सिलिंडर मिस करत असतील, तेही चढावरच, तर फिल्टर तुंबला आहे का आणि पंपाचा दाब पुरतो का हे बघावे लागेल. ते गॅरेजचे काम. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र अधूनमधून बघत जा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत. नळी फुगलेली, चिकट झालेली किंवा ओली दिसली तर ती आधी बदला, मिसिंगचे नंतर बघू.

जादा हवा शोधायला काही जण कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. तो ज्वालाग्राही असतो. तापलेल्या इंजिनावर घरी तो नको. हवेच्या बारीक नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. सूं असा आवाज थांबला किंवा इंजिन एकदम सावरले तर ती नळी फुटलेली. जुन्या गाडीत वीतभर रबरी नळीने हजारोंचे निदान चुकवल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांनाही ठाऊक असतात.

आणि हे सगळे ठीक निघाले तर उरतो दाब. कॉम्प्रेशन गेज प्लगच्या जागी लावून स्टार्टर फिरवतात. आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघायचा. एकाचा दाब बराच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गॅसवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि टॅपेटची सेटिंग बिघडते, म्हणून तिथे टॅपेट आधी तपासून घ्यावे. हे निदान ऐकायला कटू आहे, पण खर्चाआधी ऐकलेले बरे. हेड उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीला भिडत असेल तर घरात बसून शांतपणे ठरवता येते.

काही जण अशा वेळी गाडी विकून मोकळे होतात. विकण्यात गैर काही नाही. पण स्कॅनरने कोड पुसून, पिवळा दिवा विझवून, इंजिन गरम करून गिऱ्हाइकाला दाखवणे हा उघड धोका आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला थर हजरत मुहम्मद (स.) यांनी व्यापाऱ्याला दाखवला होता. पुसलेला कोड म्हणजे तोच ओला थर. फिक्हमध्ये खरेदीदाराला लपवलेल्या दोषामुळे सौदा परत करण्याचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आपण गाडी घेणारे असू तर इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायला जावे आणि तसे आधी सांगून ठेवावे. समोरचा गाडी गरम करून ठेवत असेल तर त्यातून काय समजायचे ते समजावे.

गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच तर मिस्त्रीला ‘गाडी मिसिंग करते, बघा’ एवढेच सांगू नका. कागदावर लिहून न्या : कधी मिस करते, कोणता सिलिंडर, काय-काय अदलाबदल करून पाहिले, कोड असल्यास कोणता. काढलेले प्लग त्याच ट्रेमध्ये नंबरासकट दाखवा. “चाचा, दोन नंबर बंद आहे, प्लग आणि वायर बदलून पाहिली, फरक नाही, कॉम्प्रेशन मोजून द्याल का? मोजण्याचे जे होतील ते देऊ” असे म्हटले की बोलणे सरळ कामावर येते. जुन्या मिस्त्रींना असे गिऱ्हाईक आवडते, त्यांचाही वेळ वाचतो. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या आणि नवा बसवलेला कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, हे वहीत लिहा. वही गाडीतच असू द्या. डिकीत एक चांगला जुना प्लग, प्लग पाना आणि कोरडे फडके एका पिशवीत बांधून ठेवा, पावसाळ्याच्या आधी.